फिजिओ की रेडिओ? आधी कॅपची (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीची) यादी लागू द्या

प्रश्न थोडक्यात असा: वडील एसटीत वाहक, निवृत्तीला सहा वर्षं बाकी. मुलगी बारावी सायन्स झाली, नीट दिली, एमबीबीएसचा नाद सोडला. आता दोन वाटा आहेत. एक, खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून फिजिओथेरपी (बीपीटीएच), वर्षाची फी दोन लाख, राहणं-जेवण नव्वद हजार. दुसरी, सरकारी मेडिकल कॉलेजात बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी), विषय रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय काढण्याचं काम, सगळं मिळून वर्षाला सत्तर हजार. हाताशी साडेपाच लाखांची एफडी. धाकटा नववीत. प्रवर्ग ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. आणि पत्रातली शेवटची ओळ: "पुतण्या एमआरआय सेंटरला २४ हजार घेतो, ओळखीतली फिजिओ मुलगी क्लिनिकमध्ये १५ हजारांवर आहे. मग जास्त पैसे कशाला घालायचे?"

नमस्कार.

पुतण्याचा आणि त्या मुलीचा पगार शेजारी ठेवलात, ते बरं केलंत. पण हे दोन्ही आकडे पहिल्या दोन-तीन वर्षांतले आहेत. तेवढ्यावरून चाळीस वर्षांचं काम ठरवणं म्हणजे पहिल्या पावसावरून पिकाचा अंदाज बांधणं.

सरकारी नोकरीचं आधी बघून टाकू, कारण तुमच्या मनात ते असणारच. रेल्वेने २०२४ मध्ये पॅरामेडिकलची भरती काढली होती, एकूण १,३७६ जागा. त्यात फिजिओथेरपिस्टचं मूळ वेतन ३५,४०० पासून, रेडिओग्राफरचं २९,२०० पासून, लॅब असिस्टंटचं २१,७०० पासून. डायलिसिस टेक्निशियन आणि परफ्युजनिस्टही (शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन चालवणारा) ३५,४०० च्या पायरीवर. कागदावर फिजिओ वरचढ दिसतो. आता जागा बघा: फिजिओ २०, रेडिओग्राफर ६४, डायलिसिस २०, परफ्युजनिस्ट २. आणि या अख्ख्या देशासाठी. १,३७६ पैकी ७१३ जागा एकट्या नर्सिंगच्या होत्या. सरकारी लागली तर उत्तमच, पण हिशोबात धरू नका.

मग उरतं खासगी क्षेत्र. तिथे मी पगारापेक्षा एक वेगळी गोष्ट बघतो: हा माणूस उद्या स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतो का?

लॅबवाला लावू शकत नाही, म्हणजे रिपोर्टवर सही करू शकत नाही. रिपोर्टवर पदव्युत्तर पात्रतेच्या पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. रेडिओग्राफरचंही तेच. फोटो तो काढतो, निदान रेडिओलॉजिस्ट लिहितो. यंत्र लाखा-कोटींचं, एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा. त्यामुळे तो कायम कुणाच्या तरी सेंटरवर नोकरीत राहतो. नोकरी वाईट नाही. नुसत्या एक्स-रेवर अडकलेल्याचा पगार लवकर थबकतो, सीटी-एमआरआय शिकलेल्याचा पुढे सरकतो, तुमच्या पुतण्यासारखा. रात्रपाळी मात्र लिहून ठेवा, आणि अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा छातीवरचा टीएलडी बॅजही.

फिजिओचं उलट आहे. सुरुवात रडवते. क्लिनिकवाले "अनुभव मिळतोय ना" म्हणत पंधरा हजारांत दिवसभर राबवतात. पण महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी झाली की स्वतःचं काम करता येतं. माझ्याकडे एक ताई गुंतवणुकीसाठी येतात, बारा वर्षं प्रॅक्टिस. त्यांची वही मी पाहिली आहे. सकाळी सात ते अकरा स्कूटीवर चार घरं, पक्षाघाताचे आणि गुडघा बदललेले पेशंट, एका भेटीचे चारशे-पाचशे. संध्याकाळी भाड्याच्या गाळ्यात दोन टेबलं, एक आयएफटीचं (विजेच्या सौम्य प्रवाहाने वेदना कमी करणारं) मशीन. महिना साठ-सत्तर हजारांच्या पुढे जातो. पण वहीत जुलै-ऑगस्टची पानं निम्मी कोरी होती, आणि बाळंतपणाचं सबंध वर्ष शून्य. पगारी रजा नाही, पीएफ नाही. पहिली चार वर्षं त्यांना नवऱ्याच्या पगाराने तारलं, हे त्या स्वतःच सांगतात.

तेव्हा कमाईचं छत फिजिओचं उंच, जमीन रेडिओची पक्की. कोणतं परवडेल, हे तुमच्या मुलीपेक्षा कर्जाचा हप्ता ठरवणार आहे.

मॅनेजमेंट कोट्याचा हिशोब मांडतो. फी चार वर्षं, आठ लाख. राहणं-जेवण साडेचार वर्षं, चार लाख. एकूण बारा. एफडी सगळी मोडलीत तरी साडेसहा लाख कर्ज. साडेदहा टक्क्यांनी, चार वर्षांत समान हप्त्यांनी उचललं, आणि कोर्स संपून वर्ष होईपर्यंत काहीच भरलं नाही, तर व्याजच पावणेतीन लाख चढतं. सव्वानऊ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता येतो साधारण १२,४५० रुपये. पगार १५ हजार. अडीच हजारांत तिने पुण्यात राहायचं कसं? म्हणजे हप्ता तुम्हीच भरणार, तेही निवृत्तीच्या तोंडावर, धाकट्याच्या कॉलेजच्या ऐन वर्षांत. शिवाय नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा कोर्स इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा आहे. तुमच्या कॉलेजात कुठला लागू होतो ते लेखी घ्या, अर्धं वर्ष वाढलं की खर्चही वाढला.

बँकेतला माणूस "८०ई मध्ये शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करात सूट मिळते" असं सांगेल. ती सूट जुन्या कररचनेत आहे. तुमच्या पगारावर नव्या रचनेत कर बसतच नसेल, तर त्या सुटीचं लोणचं घालायचं का?

आता जे तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीत. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट एकच जड आहे: प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही, अभिमत विद्यापीठालाही नाही. तीच मुलगी, तेच कॉलेज, तेच बाक. फक्त दार वेगळं आणि फरक आठ लाखांचा! तिच्याकडे नीटचा स्कोअर आहे, मग एजंटच्या फोनवर कोट्याची सीट कशाला बघताय?

म्हणून माझं मत असं. कॅपमध्ये फिजिओ लागलं, गाव लांबचं असलं तरी, तर तेच घ्या. खर्च राहण्या-जेवणाचा चार-साडेचार लाख, एफडीत बसतो, कर्ज शून्य. बिनकर्जाची मुलगी पंधरा हजारांवर दोन वर्षं काढू शकते. फिजिओने आजीला चालतं करताना तिने पाहिलेलं काम तिला आवडलंय, असं तुम्हीच लिहिलंय, ते या दोन वर्षांत उपयोगी पडेल. कॅपमध्ये नाही लागलं तर सरकारी कॉलेजची रेडिओग्राफी, बिनदिक्कत. चार वर्षांचे दोन लाख ऐंशी हजार, निम्मी एफडी धाकट्यासाठी शाबूत. मॅनेजमेंट कोटा दोन्ही बाबतींत नको. एखाद्या गल्लीतल्या इन्स्टिट्यूटचा "एक वर्षात जॉब गॅरंटी" डिप्लोमा तर मुळीच नको. परावैद्यक परिषदेची नोंदणी होते का, हे विचारलं की बहुतेकांचा आवाज खाली येतो.

या आठवड्यात दोन कामं करा. जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर तपासा. वैधता अजून नसेल तर अर्जाची पावती फाईलला लावा, ऐन फेरीत मुलं याच कागदावर अडकतात. आणि कॉलेजने "सीट ब्लॉक" करायला मागितलेले पन्नास हजार, कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत देऊ नका. दिले असतील तर परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको.