खरेदीखत २०१९चे, कळले २०२४ला; मुदत कुठून मोजायची?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात शेतजमीन आम्हा दोघा भावंडांच्या नावे होती. माझ्या सहीचे कुलमुखत्यारपत्र दाखवून भावाने २०१९ मध्ये ती सगळी विकली. मे २०२४ मध्ये सातबारा काढला तेव्हा मला समजले. पोलिसांत तक्रार दिली आहे. आता दिवाणी दावा मुदतबाह्य ठरेल का?

उत्तर : केवळ खरेदीखताच्या तारखेमुळे नाही. दस्त रद्द करून मागण्याची मुदत तीन वर्षे आहे (मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ५९) आणि ती रद्द करण्याजोगी हकीकत तुम्हाला प्रथम कळली तेव्हापासून धावते. मात्र कलम १७ मध्ये एक मेख आहे. वाजवी दक्षता घेतली असती तर फसवणूक केव्हा कळू शकली असती, हेही न्यायालय बघते. फेरफाराच्या नोटिशीवर तुमची सही निघाली, तर प्रतिवादी तीच तारीख पुढे करणार. त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी फेरफार, त्याची नोटीस, खरेदीखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या प्रमाणित नकला काढा.

कुलमुखत्यारपत्रावरची सही खरी, पण फसवून घेतलेली असेल, तर वरची तीन वर्षेच. सहीच बनावट असेल तर दस्त मुळात शून्य. अनुच्छेद ५९ शून्य नव्हे तर शून्यकरणीय (म्हणजे न्यायालयातून रद्द होईपर्यंत लागू राहणाऱ्या) दस्तांसाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रेमसिंग विरुद्ध बीरबल (२००६) मध्ये म्हटले आहे. मालकीच्या आधारे ताबा मागायला अनुच्छेद ६५ प्रमाणे बारा वर्षे मिळतात, ताबा प्रतिकूल झाल्यापासून, म्हणजे समोरचा तुमची मालकी नाकारून ताबा ठेवू लागल्यापासून. तरीही बारा वर्षांच्या भरवशावर बसू नका. निव्वळ मालकी जाहीर करून मागण्याला अनुच्छेद ५८ची तीनच वर्षे आहेत. तीन वर्षे हीच शेवटची रेघ समजा.

ताबा गेला असेल तर तो त्याच दाव्यात मागा. नुसती घोषणा मागितली तर विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम ३४ आडवे येते. भावाचा स्वतःचा हिस्सा विकलेलाच राहील, म्हणून वाटपाचीही मागणी हवी.

पोलिस तक्रारीने दिवाणी मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. उलट तुम्हाला कधी कळले याचा तो लेखी पुरावा होतो! अपिलात चालतो तसा विलंबमाफीचा अर्ज (कलम ५) दाव्याला चालत नाही. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, ही सवलत मात्र आहे.

दाव्यात ‘फसवणूक झाली’ एवढे लिहून भागत नाही. कोणी, केव्हा, कशी केली आणि तुम्हाला कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून कळली, हे तपशीलवार मांडा. ही तारीख मोघम ठेवली की दावा सुरुवातीलाच फेटाळण्याचा अर्ज येतो.