प्रमोटर स्वतःलाच वॉरंट देत असतील तर लहान भागधारकांनी काय करावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: बुटीबोरीत कारखाना असलेली लिस्टेड कंपनी, वीस-बावीस वर्षं तेच अध्यक्ष, लाभांश नावापुरता, आणि आता प्रमोटरांना, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालक मंडळींना, वॉरंट (ठरलेल्या भावात पुढे नवे शेअर घेण्याचा हक्क) द्यायचा ठराव. नागपूरच्या काही भागधारकांनी मिळून अध्यक्षांना हटवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

हटवणं जवळपास अशक्य आहे, वॉरंट अडवणं मात्र शक्य आहे. सगळा जोर तिथे लावा.

समजा कंपनीचे १० कोटी शेअर आहेत आणि साडेचार कोटी प्रमोटरांकडे. कंपनी कायद्याच्या कलम १६९ खाली संचालक हटवायला साधा ठराव (बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त) पुरतो, पण त्यासाठी प्रमोटरांच्या साडेचार कोटींहून जास्त मतं उरलेल्या साडेपाच कोटींतून जमवावी लागतील. इतके लोक मतदानच करत नाहीत. वॉरंटला मात्र विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. प्रमोटरांशिवाय कुणीच बाजूने मत दिलं नाही, तर विरोधात दीड कोटीच्या वर एक मत गेलं की ठराव पडला. एखाद्या संस्थेने ३० लाख मतं बाजूने टाकली तर तुम्हाला आणखी १० लाख लागतील. घरी बसलेले मोजणीत येतच नाहीत. प्रमोटरांना स्वतःच्या वॉरंटवर मत देता येत नाही असं बरेच जण धरून चालतात. ते चूक आहे, त्यांना देता येतं.

आधी कंपनीच्या मागच्या सभेचा मतदान निकाल एक्सचेंजच्या साइटवर काढा. प्रमोटर, संस्था आणि इतर जनता असे वेगळे आकडे तिथे असतात. किती मतं कमी पडतात ते त्यावरून कळेल.

वॉरंटमध्ये खरी मेख भावात असते. प्रमोटर आज २५ टक्के भरतात, उरलेले १८ महिन्यांत. नियमित व्यवहार होणाऱ्या शेअरचा किमान भाव मागच्या ९० आणि १० ट्रेडिंग दिवसांच्या सरासरींपैकी जास्त असेल तो, आणि हे दिवस सभेच्या ३० दिवस आधीच्या तारखेपासून मागे मोजतात. शेअर चढला तर बाकीचे पैसे भरून ते जुन्या भावात घेतात. पडला तर २५ टक्के सोडून देतात. म्हणून मंदीत आलेला असा ठराव दोनदा वाचा. २ कोटी नवे शेअर आले की तुमच्या १ लाख शेअरचा वाटा ०.१ वरून ०.०८३ टक्क्यावर येतो. नफा ३० कोटीच राहिला तर प्रति शेअर मिळकत ३ रुपयांवरून अडीचवर.

नोटिशीसोबतच्या स्पष्टीकरणात पैसा नेमका कशाला, वाटपाआधीचा आणि नंतरचा हिस्सा किती, हे तपासा. कंपनी सेक्रेटरीला लेखी एकच प्रश्न विचारा: राइट्स इश्यू का नाही? राइट्स इश्यूत नवे शेअर घ्यायची संधी सगळ्या भागधारकांना हिश्शाप्रमाणे मिळते. त्याच पत्राची प्रत शेअर धरून असलेल्या म्युच्युअल फंडांना पाठवा. फंडांना मतदान करावंच लागतं आणि आपली भूमिका जाहीर करावी लागते.

ई-व्होटिंग सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं आणि टाकलेलं मत बदलता येत नाही. जुन्या घरांमध्ये एक गोष्ट हमखास घात करते: ७ वर्षं लाभांश न घेतलेले शेअर आयईपीएफकडे, म्हणजे दावा न केलेले शेअर आणि लाभांश ठेवणाऱ्या सरकारी निधीकडे, गेलेले असतात. त्यांचा मताधिकार दावा करून परत घेईपर्यंत गोठलेला असतो. वडिलांच्या नावाची जुनी प्रमाणपत्रं आजच बाहेर काढा.

अध्यक्ष व्यवस्थापकीय संचालकही असतील तर वय बघा. सत्तरीनंतर त्या पदावर राहायला विशेष ठराव लागतो, म्हणजे पुन्हा तेच तिपटीचं गणित. मात्र विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त असतील तर केंद्र सरकारकडून मंजुरी आणायची वाट त्यांना उरते.

सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठात याचा दावा लावू नका. अन्याय किंवा गैरव्यवस्थापनाची याचिका एनसीएलटीच्या (कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाकडे जाते, आणि तिला १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा यांपैकी जो आकडा कमी तेवढे लोक लागतात, नाहीतर १० टक्के भांडवल. तुमच्या गटाची नावं आणि फोलिओ (शेअर खात्याचे) क्रमांक आताच एका वहीत लिहायला घ्या.