आठ बँड ठीक, पण ‘फॉब ऑफ’ कळतं का?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत आठ बँड आहेत, बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडमध्ये डर्बीला येतोय, भाषेची अडचण येईल का, असं विचारलंत. व्हिसा, हेल्थ सरचार्ज वगैरे सरकारी साइटवर आहे, ते उगाळत नाही. एक क्रियापद मात्र शिकून या: फॉब ऑफ.

म्हणजे बोळवण करणे. ‘दे फॉब्ड मी ऑफ विथ अ लीफलेट’: डॉक्टरकडे गेले, पत्रक हातात देऊन कटवलं. दुसरा अर्थ गळ्यात मारणे. तिथे पुढे ‘ऑन’ लागतं: ‘ही फॉब्ड हिज ओल्ड कार ऑफ ऑन मी’. शब्द बोलण्यातला. शेजाऱ्यांशी खुशाल वापरा, तक्रारीच्या पत्रात नको. क्लार्कला तोंडावर म्हणालात तर भांडणच.

मला तो शेजारच्या आजींनी शिकवला. मुलाला इयर वनमध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात घालायचं होतं, जवळची शाळा भरलेली. त्या वयाच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० च्या वर मुलं सहसा घेत नाहीत, कायदाच आहे, कबूल. पण नकार लेखी द्यावा लागतो, अपिलाचा हक्क त्यात सांगावा लागतो. मला मात्र फोनवर तेच ते: ‘वेटिंग लिस्टवर आहात, जरा धीर धरा.’ आणि मी थँक्यू म्हणून फोन ठेवायची! आपल्याकडे ‘साहेब जागेवर नाहीत’ म्हटलं की लगेच कळतं. इथे टोलवतातसुद्धा इतक्या अदबीनं की आपणच ओशाळतो. आजी म्हणाल्या, ‘दे आर फॉबिंग यू ऑफ, डक.’ डक म्हणजे इकडचं ‘बाळा’.

तोवर पोरगं घरात, खिडकीतून इतरांचे युनिफॉर्म बघत. सासरे फोनवर विचारायचे, शाळेचं काय झालं? मी म्हणायची, होतंय, प्रोसेस चालू आहे. म्हणजे मीही तेच करत होते की!

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. गणपतीत मराठी माणसं भेटतात.

शेवटी लांबच्या शाळेत जागा मिळाली. पुढच्या वर्षी जवळच्या शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा मुलगा म्हणाला, माझे मित्र इथे आहेत, नाही जायचं. अजून दोन बस बदलतो आम्ही. अजून डोकं फिरतं. तुम्ही मुलीसाठी पहिल्याच फोनला म्हणा, ‘कॅन आय हॅव दॅट इन रायटिंग, प्लीज?’ प्लीज विसरू नका.