कॅथरिन कुठली, फेस्त कधी?

प्रश्न : आमच्या कपेलात संत कॅथरिनची जुनी मूर्ती आहे. पांढरा झगा, काळा डगला, हातात लिली. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल हिच्याच नावाचं ना? मग फेस्त २५ नोव्हेंबरला की एप्रिलमध्ये? मूर्ती रंगवायचीही आहे.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : से कॅथेड्रल दुसरीचं, अलेक्झांड्रियाच्या कॅथरिनचं. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तो तिच्या सणादिवशी, २५ नोव्हेंबरला. तिच्याजवळ खिळ्यांचं मोडकं चाक किंवा तलवार असते. तुमच्या मूर्तीचा वेश डोमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघाचा आहे, म्हणजे ती इटलीतल्या सिएनाची कॅथरिन असावी. तिचं फेस्त २९ एप्रिलला. चर्चच्या सणांच्या यादीतल्या १९६९ च्या फेरबदलाआधी ते ३० एप्रिलला असे, त्यामुळे जुन्या वहीत ती तारीख दिसली तर गोंधळू नका.

तरी डोकं नीट पाहून घ्या. लिमाची संत रोझ याच वेशात असते, पण तिच्या डोक्यावर गुलाब असतात आणि बहुधा हातात बाळ येशू. कॅथरिनला काट्यांचा मुकुट. तळहातावर जखमांच्या खुणा नसल्या तरी चालेल. त्या तिच्या हयातीत इतरांना दिसत नव्हत्या, असंच तिचं चरित्र सांगतं.

रंगाऱ्याकडून दोन चुका हमखास होतात. डगला निळा केला की लोक मूर्ती मारियामातेची समजतात. आणि ओढणी काळी केली की ती मठातली नन दिसते. ओढणी पांढरीच ठेवा. मूर्ती प्लॅस्टरची असेल तर पाण्याने धुऊ नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि काम डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या. पावसाळ्यात ओल धरलेल्या प्लॅस्टरवर ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, मग फोड येऊन पापुद्रे सुटतात. लाकडी असेल तर सँडपेपरला हातही लावू देऊ नका. खाली मूळ रंग किंवा सोन्याचा वर्ख असू शकतो. आधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : सिएनाची कॅथरिन नन नव्हती, तर मग कोण? आणि पोपला रोमला परत आणलं ते खरंच तिनेच?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : रेवदंड्याच्या किल्ल्यात ज्यांच्या चर्चचे अवशेष आहेत, त्याच डोमिनिकनांच्या गृहस्थ शाखेत ती होती. व्रत घेऊन घरीच राहायची, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. जन्म १३४७, बाप कापड रंगवणारा, वीसहून अधिक भावंडं. तिची सुमारे ३८० पत्रं उरली आहेत, बहुतेक तोंडी सांगून लिहवलेली.

तेव्हा पोप रोमऐवजी आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंला राहायचे. १३७६ मध्ये ती तिथे जाऊन पोप अकराव्या ग्रेगरीला भेटली. जानेवारी १३७७ मध्ये तो रोमला पोचला. पण परतायचं त्याच्या मनात आधीपासून होतं आणि इटलीतल्या मुलखावरचा ताबाही सुटत चालला होता. तिने रेटा दिला, एवढं म्हणणं रास्त. १३७८ मध्ये तो वारला, त्याच वर्षी दोन पोप झाले. ती त्यातल्या सहाव्या अर्बनच्या बाजूने उभी राहिली आणि २९ एप्रिल १३८० ला, ३३ व्या वर्षी, रोममध्येच गेली. शेवटी शेवटी अन्न जवळजवळ सुटलं होतं. तिच्या नावाने कडक उपास धरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : अन्न घे, असं खुद्द तिच्या धर्मगुरूंनीच तिला बजावलं होतं.

१९७० मध्ये पोप सहाव्या पॉलने तिला ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे चर्चची थोर शिक्षक, केलं. त्याआधी आठवडाभर हा मान मिळालेली पहिली स्त्री आविलाची तेरेसा. रोमला जाणाऱ्यांसाठी : देह पँथिऑनमागच्या सांता मारिया सोप्रा मिनेर्वात, मुख्य वेदीखाली. शिर मात्र सिएनाच्या सान दोमेनिकोत, तेव्हा एकाच फेरीत दोन्ही पाहण्याचा बेत आखू नका.