‘मात्रा लागू पडली’ यातली मात्रा कोणती?

तुम्ही विचारलंय की ‘मात्रा लागू पडली’ किंवा ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ असं आपण म्हणतो, त्यातली मात्रा कोणती? शाळेत शिकलेल्या काना-मात्रा-वेलांटीतली की वेगळी?

ही मात्रा औषधाची. माझं बालपण नाशकात पंचवटीतल्या वाड्यात गेलं. आमच्याकडे सहाणा दोन होत्या. एक देवघरात, गंध उगाळायला. दुसरी फडताळात, औषधाची. एकीचं काम दुसरीवर केलेलं आजीला चालत नसे. औषधाच्या सहाणेशेजारी पितळी डबीत, कापसात गुंडाळलेली पेराएवढी टणक कांडी असायची. तिलाच घरात मात्रा म्हणत. वैद्यांनी सांगितल्याशिवाय ती डबी उघडायची नाही. उघडलीच तर आजी मधात किंवा आल्याच्या रसात कांडी उगाळायची आणि ‘तीन वळसे दिलेत’ असा हिशेब वैद्यांना द्यायची. काही घरांत वळशांना वेढे म्हणतात.

मला वाटतं, शब्दाचं मर्म या वळशांतच आहे. संस्कृतात ‘मा’ म्हणजे मोजणे. मान, प्रमाण, परिमाण हे सगळे त्याच धातूचे. मात्रा म्हणजे मुळात माप. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पाचवा अध्याय ‘मात्राशितीय’ नावाचा आहे आणि त्याची सुरुवात होते ‘मात्राशी स्यात्’, म्हणजे माणसाने मापात खावं. लगेच पुढे सांगितलंय की हे माप ज्याच्या त्याच्या जठराग्नीच्या बळावर ठरतं. म्हणजे तिथे मात्रा हे औषधाचं नाव नाहीच. हिंदीतही औषधाची मात्रा म्हणजे त्याचं प्रमाणच.

मराठीने मात्र मापाचं नाव थेट औषधाला दिलं. काढा वाटीने प्यायचा, चूर्ण चिमटीने घ्यायचं. पण पारा, गंधक, सोनं, तांबं यांपासून केलेली रसौषधं गुंजेच्या हिशेबाने द्यायची, आणि गुंज म्हणजे साधारण 125 मिलिग्रॅम. इतक्या थोडक्या औषधात वैद्याची सगळी विद्या मापातच, म्हणून मापाचंच नाव रूढ झालं असावं. बाळगुटीही सहाणेवरच उगाळतात, पण हिरडा, वेखंड, मुरडशेंग, सुंठ ही काष्ठौषधं, म्हणजे वनस्पतींची औषधं. त्यांना कुणी मात्रा म्हणत नाही.

सगळ्यांत नावाजलेली हेमगर्भाची मात्रा. हिच्यात सोनं असतं, आणि औषधाची पोटली वितळलेल्या गंधकात शिजवून ती दगडासारखी घट्ट करतात. माणूस अगदी शेवटाला लागला की हेमगर्भ उगाळून जिभेला चाटवायचा. थोडी धुगधुगी येईल, पोराबाळांशी दोन शब्द बोलता येतील, ही आशा. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘हेमगर्भ दिला’ एवढंच आलं की घरातली परिस्थिती कळायची.

तुमचे वाक्प्रचार इथलेच. औषधाचा गुण आला की मात्रा लागू पडली. काहीच उपाय चालेना की मात्रा चालत नाही. पुढे हे बोलणं राजकारणात, संसारात, हट्टी पोरांच्या बाबतीतही आलं. ‘गोड बोलून झालं, आता कडक मात्रा हवी’ असं सर्रास ऐकू येतं.

आणि काना-मात्रेतली मात्रा? शब्द तोच, मापाचाच. छंदात लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. त्रितालाच्या सोळा, झपतालाच्या दहा. तिथे काळ मोजला जातो.

घरी जुनी डबी सापडली तर एक कळकळीची विनंती: मात्रेत बहुतेकदा पारा असतो, आणि डबीवर नाव नसेल तर आत काय आहे हे पाहून ओळखता येत नाही. लहान मुलाला तर आजीने दिली होती म्हणून मुळीच चाटवू नका. आमची डबी मी जपून ठेवली आहे, कुलपात.