वाचकांचे प्रश्न : अनोळखी हवाई घटनांच्या चर्चेत खगोलजीवशास्त्रज्ञ कशासाठी?

प्रश्न : आकाशात दिसणाऱ्या अनोळखी गोष्टींचा अभ्यास करण्यासाठी ‘नासा’ने नेमलेल्या समितीत एक खगोलजीवशास्त्रज्ञ होते, असे वाचनात आले. नासाला आतून परग्रहवासीयांचा संशय आहे, असा याचा अर्थ घ्यायचा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ते शास्त्रज्ञ म्हणजे डेव्हिड ग्रिनस्पून; पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असू शकते का, याचा अभ्यास म्हणजे खगोलजीवशास्त्र. खगोलभौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड स्पर्गेल यांच्या अध्यक्षतेखालील ही सोळा जणांची समिती ऑक्टोबर २०२२ मध्ये कामाला लागली आणि १४ सप्टेंबर २०२३ रोजी तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. उपलब्ध नोंदींचे मूळ परग्रहावर आहे असे मानण्यास आधार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

तरीही ग्रिनस्पून तिथे हवेच होते, असे मला वाटते. ज्या विषयात लोकांच्या मनात परग्रहवासी आधीच ठाण मांडून बसले आहेत, तिथे पुरावा कशाला म्हणायचे हे सांगणारा माणूस लागतो, आणि हा धडा खगोलजीवशास्त्र पोळून शिकले आहे. अंटार्क्टिकात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या एका अशनीत सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात, असे नासाच्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये जाहीर केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटनही त्यावर बोलले होते. पुढे त्या प्रत्येक खुणेचे निर्जीव रसायनक्रियांनीही स्पष्टीकरण देता येते असे दिसून आले आणि बहुतेक तज्ज्ञांनी तो दावा स्वीकारला नाही. सजीवांशिवाय दुसरे कोणते कारण संभवते, हे आधी कसून तपासायचे, ही या शास्त्राची शिस्त आहे.

ही शिस्त आकाशातल्या दिव्यांनाही लागू पडते. समितीच्या ३१ मे २०२३ च्या जाहीर बैठकीत माजी अंतराळवीर स्कॉट केली यांनी आपल्या वैमानिकीच्या दिवसांतली आठवण सांगितली. व्हर्जिनिया बीचजवळ उडत असताना मागच्या आसनावरील सहकाऱ्याची खात्री पटली, की आपण एका अनोळखी यानाजवळून गेलो. विमान वळवून पाहिले, तर तो बार्ट सिम्पसन या कार्टून पात्राचा फुगा होता! मला यात महत्त्वाचे वाटते ते त्यांचे मागे वळून पाहणे. चेष्टा होईल या भीतीने वैमानिक गप्प बसले, तर तपासायला काही उरतच नाही.

ग्रिनस्पून यांनी मांडलेला एक मुद्दा मला याहूनही मोलाचा वाटतो. अशी एखादी वस्तू खरोखर दुरून आली असेल, तर ती आपली सूर्यमाला ओलांडूनच इथवर पोहोचली असणार. म्हणून ग्रह आणि लघुग्रहांकडे जाणाऱ्या मोहिमांमधून परक्या तंत्रज्ञानाच्या खुणा शोधणे हेही रीतसर विज्ञानच ठरते.

पुराव्याबाबतचा हा संयम आपल्याकडेही पाहायला मिळाला आहे. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या महाकाय फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. प्रमुख संशोधक होते डॉ. जयंत नारळीकर. त्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. २००९ मध्ये हे जाहीर करताना, ते जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही इस्रोने त्याच निवेदनात सांगितले.

प्रश्न : असे काही दिसले तर सामान्य माणसाने काय करावे? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकताना हजारोंनी पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. घटनेची वेळ आणि दिशा ठाऊक असल्यामुळेच, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी तिचा मेळ घालता आला. तेव्हा नेमकी वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसले हे लगेच लिहून ठेवा. चित्रण करताना चौकटीत एखादे झाड किंवा घराचा कोपरा येऊ द्या, कारण स्थिर खूण नसेल तर वेगाचा अंदाज बांधता येत नाही. पडलेल्या वस्तूला मात्र हात लावू नका; पोलिसांना कळवा.