रिकामी यादी आली, तर आधी नाव तपासावे

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला पायथन प्रोग्राम आणि त्यासोबतची ॲटम फीडची (संकेतस्थळावरच्या नोंदींची यादी देणारी एक्सएमएल) फाइल मी बारकाईने पाहिली. ‘//एंट्री’ ही एक्सपाथची, म्हणजे एक्सएमएलमधले भाग शोधण्याच्या भाषेतली, साधी क्वेरी आहे, फाइलमध्ये एंट्री नावाचे एलिमेंट (टॅगने बांधलेले भाग) ढळढळीत दिसतात, एररही येत नाही, आणि तरीही हाती रिकामी यादी पडते. त्यामुळे तू क्वेरीच वेगवेगळ्या प्रकारे बदलून पाहिली आहेस, हे कॉमेंट करून ठेवलेल्या ओळींवरून कळते. ते आधी थांबव. रिकामी यादी हेही एक उत्तर आहे: विचारलेल्या नावाचा एकही एलिमेंट दस्तऐवजात नाही. तेव्हा पार्सरने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या भागाने, त्या एलिमेंटचे नाव काय वाचले आहे, ते प्रथम पाहायला हवे.

त्यासाठी एकच ओळ पुरते. रूट, म्हणजे सर्वांत बाहेरच्या, एलिमेंटचा टॅग प्रिंट कर. एलएक्सएमएल ही पायथनची एक्सएमएल वाचणारी लायब्ररी तुला नुसते ‘फीड’ दाखवणार नाही. त्याच्या आधी महिरपी कंसात डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेचा, २००५ हे वर्ष असलेला, ॲटमचा पत्ता दिसेल. फाइलच्या सुरुवातीला जो डीफॉल्ट नेमस्पेस (नावे कोणत्या संचातली आहेत हे सांगणारा पत्ता) जाहीर केला आहे, तो आतल्या प्रीफिक्स (नावाआधी ‘:’ ने जोडलेले छोटे नाव) नसलेल्या प्रत्येक एलिमेंटला लागू होतो. उलट, १९९९ सालच्या एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स नसलेल्या नावाचा अर्थ ‘कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला एलिमेंट’ असा ठरलेला आहे, आणि एलएक्सएमएल हीच आवृत्ती पाळते. फाइल आणि क्वेरी दोन्हीकडे ‘एंट्री’ असेच लिहिलेले असले, तरी ती दोन निराळी नावे आहेत.

उपाय असा की, एखादे प्रीफिक्स, समजा ‘ए’, त्या पत्त्याशी डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या जोड्यांच्या यादीत, जोडून ती क्वेरीसोबत द्यायची आणि ‘//ए:एंट्री’ असे विचारायचे. फाइलमध्ये ते प्रीफिक्स कोठेही नसले तरी चालते, कारण जुळवणी पत्त्याची होते. ती मात्र अक्षरशः होते: एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस लिहिले किंवा शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, तरी पुन्हा रिकामी यादीच येईल. म्हणून पत्ता हाताने टाइप न करता फाइलमधूनच कॉपी कर.

नेमस्पेस टाळण्यासाठी लोक नेमस्पेस सोडून नुसते नाव पाहणारे लोकल-नेम फंक्शन वापरण्याचा सल्ला देतात. शोध घेताना ते जरूर वापर, पण पक्क्या कोडमध्ये ठेवू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. यूट्यूब चॅनलच्या फीडमध्ये प्रत्येक नोंदीत ॲटमचे टायटल असते आणि मीडिया आरएसएस या दुसऱ्या नेमस्पेसचेही टायटल असते. लोकल-नेमला त्यांतला फरक कळत नाही, आणि दोन्ही मजकूर तुझ्या यादीत मिसळतात. फाइलमधून नेमस्पेसची घोषणाच मजकूर बदलून पुसून टाकणे तर त्याहून वाईट.

हे दुरुस्त झाले की तुझ्या लूपमधली दुसरी चूक उघडी पडेल. प्रत्येक एंट्रीवर तू ‘//ए:टायटल’ विचारून पहिले उत्तर घेतलेस, तर प्रत्येक वेळी फीडचे स्वतःचे शीर्षक येईल, कारण दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा मार्ग तू कोणत्याही एलिमेंटवर उभा असलास तरी दस्तऐवजाच्या मुळापासूनच निघतो. आधी टिंब देऊन ‘.//ए:टायटल’ लिहिलेस, तर शोध त्या एंट्रीच्या आत राहील. टायटल थेट तिच्याच खाली असल्यामुळे नुसते ‘ए:टायटल’ अधिक नेमके. त्याचप्रमाणे ‘//ए:लिंक[१]’ म्हणजे दस्तऐवजातली पहिली लिंक नव्हे, तर प्रत्येक पालक एलिमेंटमधली पहिली लिंक. दस्तऐवजातली पहिलीच हवी असेल, तर आधीचा भाग साध्या कंसात घालून मग क्रमांक द्यावा लागतो. लिंकच्या एचरेफ ॲट्रिब्यूटला (टॅगमध्येच लिहिलेल्या पत्त्याच्या गुणधर्माला) मात्र प्रीफिक्स लावू नकोस. प्रीफिक्स नसलेल्या ॲट्रिब्यूटला डीफॉल्ट नेमस्पेस लागूच होत नाही.

आणखी एक जागा राहिली, ती फार फसवी आहे. एलिमेंट शोधून देणाऱ्या फाइंडने मिळालेले टायटल तू थेट इफमध्ये तपासतोस ते टाळ. ज्या एलिमेंटला आत उप-एलिमेंट नाहीत, तो एलिमेंट इथे फॉल्स ठरतो, आणि टायटलमध्ये तर नुसता मजकूर असतो. म्हणजे सापडलेले शीर्षकही सापडले नाही असे तुझा प्रोग्राम म्हणेल. ‘इज नॉट नन’ अशी स्पष्ट तुलना लिही. पायथनच्या स्वतःच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल लायब्ररीमध्ये पायथन ३.१२ पासून अशा तपासणीवर इशारा येतो, तो बंद करून ठेवू नकोस.

यानंतरही अडलेच, तर दोनच नोंदी उरतील इतकी फाइल लहान कर, आणि रूटचा टॅग, नेमस्पेसची डिक्शनरी व क्वेरी या तीन गोष्टी एकत्र प्रिंट करून मला पाठव.

सदिच्छांसह.